उंचीवर गेलं की टँक गळतो? आधी आतला बुडबुडा बघा

घरी महिनाभर थेंबही न सांडणारा व्हेपचा, म्हणजे ई-सिगारेटचा, लिक्विड भरायचा टँक विमानात बसलं की गळतो. डोंगरात गाडी वर चढायला लागली की गळतो. घरी परतलं की पुन्हा शहाण्यासारखा वागतो आणि पुढच्या प्रवासात पुन्हा तेच. माणूस मग दर वेळी काहीतरी बदलत सुटतो. मी आधी ओ-रिंगा (सांध्यांतल्या रबराच्या कड्या) बदलल्या, मग कॉइल (लिक्विड तापवणारी तार बसवलेला भाग), मग अख्खा टँक. नवा कोरा टँकही बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात चार्जरच्या वायरीला चिकटून बसलेला सापडला, तेव्हा कुठे शंका आली. एवढ्या सगळ्या वस्तू नेमक्या प्रवासातच कशा बिघडतील? चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती.

इथला चोर म्हणजे टँकमध्ये लिक्विडच्या वर उरलेली हवा. भरलेल्या टँकच्या काचेतून दिसतो तो बुडबुडा. पुढचं सगळं त्याच्याभोवती फिरतं.

टँक एरवी का गळत नाही, ते आधी बघू. पाण्याने भरलेल्या पेल्यावर पुठ्ठा ठेवून पेला उलटा करायचा शाळेतला प्रयोग आठवा. बाहेरची हवा पुठ्ठ्याला खालून दाबून धरते आणि पाणी पडत नाही. टँकमध्ये पुठ्ठ्याचं काम कॉइलभोवतीचा ओला कापूस करतो. कॉइलच्या बाजूला भोकं असतात, त्यात हा कापूस दाबून बसवलेला असतो आणि लिक्विड त्यातूनच झिरपत तारेपर्यंत पोचतं. थोडं लिक्विड आत गेलं की वरच्या बुडबुड्यातला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी होतो आणि तो बाकीचं लिक्विड वर ओढून धरतो. ओढलेल्या झुरक्यागणिक एखादा छोटा बुडबुडा कापसातून वर जातो आणि हिशेब पुन्हा जुळतो. म्हणजे टँक काही बाटलीसारखा बंद नसतो. त्याला खाली भोकं आहेतच, आणि लिक्विड आत राहतं ते दाबाच्या जेमतेम तोलावर.

उंचीवर हा तोल जातो. समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे १,०१३ हेक्टोपास्कल असतो. प्रवासी विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून उडत असलं तरी केबिनमध्ये दाब राखलेला असतो, पण जमिनीवरच्याइतका नाही. बहुतेक विमानांत तो फार तर ८,००० फुटांवर असेल तितका, म्हणजे साधारण ७५० हेक्टोपास्कलपर्यंत उतरतो. बोइंग ७८७ सारख्या काही नव्या विमानांत केबिन ६,००० फुटांच्या आसपास राखतात, तिथे त्रास जरा कमी. पाव भाग दाब गेला, तर कोंडलेल्या हवेला पसरायला जागा हवी. रॉबर्ट बॉइलचा १६६२ सालचा नियम आहे: तापमान तेच असेल तर दाब जितक्या पटीने घटतो तितक्या पटीने हवेचं आकारमान वाढतं. १,०१३ भागिले ७५३ म्हणजे सुमारे १.३५. एक मिली हवा १.३५ मिली होते.

आता ४ मिलीचा टँक अर्धा भरलेला आहे असं धरा. वर २ मिली हवा, खाली २ मिली लिक्विड. विमान वर गेल्यावर त्या हवेला २.७ मिली जागा लागणार. काच ताणली जात नाही, झाकण घट्ट आहे. हवा वर आहे, भोकं खाली आहेत, मध्ये लिक्विड. मग ०.७ मिली लिक्विड कापसातून ढकललं जातं, कॉइलमधून मधल्या नळीत येतं आणि तिथून खालच्या एअरफ्लोच्या, म्हणजे झुरक्यासाठी हवा आत घेणाऱ्या, फटीतून बाहेर. ०.७ मिली ऐकायला थोडं वाटतं, पण ते पंधरा-वीस थेंब होतात. एवढं लिक्विड एक खिसा, एक रुमाल आणि बॅटरीवरचा संपर्काचा खिळा चिकट करायला पुरेसं आहे.

तोच टँक काठोकाठ भरलेला असेल आणि बुडबुडा ०.३ मिलीचाच असेल, तर बाहेर येणारं लिक्विड सुमारे ०.१ मिली. तेवढं कापूस आणि नळीच जिरवते. टँक तोच, रबर तेच, उड्डाणही तेच. फरक फक्त बुडबुड्याच्या आकाराचा. हा हिशेब मी कागदावर मांडला आणि ओ-रिंगांची पुडी कपाटात टाकून दिली.

ओ-रिंगवर माझा इतके दिवस विश्वास का बसला होता, तेही सांगतो, कारण यात बरेच जण फसतात. डोंगरात वर जाताना टँक गळला. मुक्कामी पोचल्यावर मी तो उघडला, पुसला, रबर बदललं, भरला. परतीच्या प्रवासात थेंबही नाही! साहजिकच वाटलं, रबरच खराब होतं. पण उंचावर टँक उघडला तेव्हाच आतली हवा आणि बाहेरची हवा सारखी झाली होती. खाली उतरताना बाहेरचा दाब वाढत जातो, आतली हवा आकसते आणि कापसातून उलट बाहेरचीच हवा आत शिरते. उतरताना टँक गळत नाही. नुसता उघडून बंद केला असता तरी परतीचा प्रवास कोरडाच झाला असता.

हीच गळती आहे ना, हे ओळखा

उपाय करण्याआधी गळती कुठली ते ठरवा, नाहीतर खरंच फाटलेल्या रबराला उंचीचं नाव देऊन बसाल. दाबामुळे होणारी गळती चढताना होते, एकदा होते आणि थांबते. विमान वर स्थिरावलं किंवा मुक्कामाच्या गावी पोचलात की आतबाहेरचा दाब सारखा होतो, मग ढकलणारं कोणी उरत नाही. टँक पुसा, भरा, खाली कोरडा टिश्यू घालून रात्रभर उभा ठेवा. सकाळी टिश्यू कोरडा असेल तर टँक निर्दोष आहे. डाग पडला असेल तर उंचीचा संबंध नाही. कॉइल नीट बसलेली नाही, कापूस भोकात सैल आहे किंवा खालच्या ओ-रिंगला चीर गेली आहे, यातलं काहीतरी असणार. तिथे मात्र रबर बदलाच.

दुसरी खूण गळण्याच्या जागेत आहे. एअरफ्लोच्या फटीतून किंवा तोंडाच्या नळीतून लिक्विड येतंय, तर ते कापसातून आलं आहे. काच आणि धातू यांच्या सांध्यातून ओघळ येत असेल तर तो सांधाच गळतो आहे.

आणि गुडगुड. पोचल्यावर पहिला झुरका ओढताना नळीत पाणी खळखळल्यासारखा आवाज येतो आणि जिभेवर एक गरम थेंब चटका देऊन जातो. नळीत साचलेलं लिक्विड तारेवर उसळतं, त्याचा हा प्रसाद. बाहेर काही दिसत नसलं तरी गुडगुड असेल तर गळती आतल्या आत झालेली आहे.

काय करायचं

सगळ्यात खात्रीचा उपाय कंटाळवाणा आहे: टँक रिकामा करून न्या. लिक्विड बाटलीत परत ओता, टँक पुसा, कॉइल आत राहू दे. ओल्या कापसातून हवा निघून जाईल आणि ढकलायला लिक्विडच नसेल. मी लांबच्या प्रवासाला हेच करतो. पोचल्यावर भरायला दोन मिनिटं, आणि आधीच ओलावलेला कापूस असल्यामुळे पाच-दहा मिनिटं थांबलं की झालं.

रिकामा करायचा नसेल तर उलट टोकाला जा आणि काठोकाठ भरा. अर्धवट भरलेला टँक सर्वांत वाईट, आणि घाईत घराबाहेर पडताना नेमका तोच हातात असतो. भरताना मधल्या नळीच्या वर लिक्विड जाऊ देऊ नका, नाहीतर गळती घरातच सुरू. म्हणून थोडा बुडबुडा उरतोच. उरू दे. लहान असला म्हणजे झालं.

तिसरा उपाय मला सर्वांत आवडतो, कारण त्याला काहीच लागत नाही. टँक उलटा धरा, तोंडाची नळी खाली. लिक्विड टोपणाकडे जातं आणि बुडबुडा कॉइलच्या भोकांपाशी येतो. आता हवा पसरली की ती सरळ कापसातून निघून जाते, लिक्विड वाटेत येत नाही. एकदा खिडकीशी बसून मी हे मुद्दाम पाहिलं. विमान चढत होतं, मॉड (टँकखालचा बॅटरीचा भाग) बंद केलेला होता आणि टँक उलटा करून काचेला डोळा लावला होता. कॉइलच्या कडेला बारीक फेस धरत होता, खसखशीच्या दाण्याएवढे फुगे येऊन फुटत होते, आणि लिक्विडची पातळी होती तिथेच. उतरल्यावर टिश्यूवर डाग होता, पण नखाएवढा.

यात दोन अटी. चढाईच्या अख्ख्या वेळात, म्हणजे साधारण अर्धा तास, टँक उलटाच राहिला पाहिजे. बॅगेत फेकून दिला तर तो कधी आडवा होईल सांगता येत नाही, म्हणून समोरच्या सीटच्या कप्प्यात टिश्यूत गुंडाळून, डोकं खाली करून उभा ठेवा. दुसरं, वरून भरायचं टोपण असेल तर त्याचं रबर शाबूत हवं, कारण आता सगळं लिक्विड त्याच्यावर टेकलेलं असतं. नुसतं सरकवून उघडणारं टोपण असेल तर मी हा उपाय करणार नाही.

रस्त्याने डोंगर चढत असाल तर काम आणखी सोपं. पहिल्या दोन-तीन हजार मीटरपर्यंत दर शंभर मीटर चढाईला दाब साधारण एक टक्का कमी होतो असा ढोबळ हिशेब धरा. पाचशे मीटर चढलात की २ मिली हवेला सुमारे ०.१ मिली जागा जास्त हवी, म्हणजे दोन-तीन थेंब. गाडी थांबेल तिथे टँक उभा धरून वरचं टोपण क्षणभर उघडा. हलकासा फुस्स आवाज येतो. हाच दाब एरवी कापसातून वाट काढणार होता. एअरफ्लो बंद करून उघडा आणि लगेच लावा, कारण टोपण उघडं असताना लिक्विड ओढून धरणारं काही नसतं. खालून भरायच्या टँकला हे जमत नाही, तो उलटा करून खालचा भाग सैल करावा लागतो.

३,५०० मीटरवर दाब सुमारे ६६० हेक्टोपास्कल असतो. अर्ध्या टँकमधून तिथपर्यंत एक मिलीहून जास्त लिक्विड बाहेर पडू शकतं, विमानातल्यापेक्षा अधिक. बोलिव्हियातल्या ला पाझ शहराचा एल आल्तो विमानतळ ४,०६१ मीटरवर आहे. अशा ठिकाणी उतरताना केबिनमधला दाब वाढत नाही, आणखी कमी होतो. म्हणजे टँक उड्डाणात एकदा गळतो आणि ‘उतरताना’ पुन्हा. वर मी उतरताना गळत नाही म्हटलं, त्याला हा अपवाद.

हे करून उपयोग नाही

एअरफ्लोची फट झाकणारी कडी पूर्ण बंद करणे हा सर्वांत लाडका सल्ला. कडी बंद केली की लिक्विड खालच्या फटीतून येत नाही, ते नळीत साठतं आणि तोंडाच्या नळीतून डोकावतं. बॅग कदाचित वाचते, पण गुडगुड दुप्पट. इतर उपायांच्या जोडीला कडी बंद असू द्या, नुसत्या कडीवर विसंबू नका. टँक जास्त जोर लावून आवळल्याने ओ-रिंग चेपते किंवा पिळली जाते, आणि मग घरी आल्यावरही गळायला लागतो. सांध्यांवर टेप गुंडाळणं तर निव्वळ मनाचं समाधान.

‘चेक-इन बॅगेत टाक, तिथे गळेना का’ हेही ऐकलेलं आहे. सामानाच्या खणातही दाब साधारण केबिनइतकाच असतो, त्यामुळे गळायचं ते गळतंच. मुख्य म्हणजे ते चालत नाही. लिथियम बॅटरीमुळे ई-सिगारेट चेक-इन सामानात ठेवायला २०१५ पासून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमांत मनाई आहे. ती जवळच्या बॅगेत ठेवायची, विमानात चार्ज करायची नाही आणि वापरायची तर अजिबातच नाही. बॅटरी टँकपासून वेगळी करून ठेवली तर गळालेलं लिक्विड संपर्काच्या खिळ्यावर जात नाही आणि बटण चुकून दाबलं जाऊन तार तापायची भीतीही राहत नाही.

काही देशांत टँक गळतोय की नाही याला अर्थच नाही. सिंगापूरमध्ये व्हेप जवळ बाळगणंही गुन्हा आहे, थायलंडमध्ये आयातीला बंदी आहे, आणि भारतात २०१९ च्या कायद्याने उत्पादन, आयात, विक्री, वाहतूक, साठवण, जाहिरात सगळंच बंद केलं. जिथे जाताय आणि जिथे विमान बदलताय, दोन्हींचे नियम तिकीट काढायच्या आधी बघा.

पॉड, बाटल्या आणि थंडी

बंद पॉडमध्येही (लिक्विड आधीच भरलेल्या छोट्या डब्या) भौतिकशास्त्र तेच, फक्त ते उघडता येत नाहीत. अर्धे वापरलेले पॉड प्रवासात नेऊ नका. नवा सीलबंद पॉड न्या. वापरातला न्यायचाच असेल तर बॅटरीतून काढा, तोंड खाली करून छोट्या झिपच्या पिशवीत ठेवा. पॉड आत ठेवूनच नेला तर लिक्विड खालच्या खोबणीत उतरतं, आणि झुरका ओळखणारा सेन्सर तिथेच असतो. तो भिजला की उपकरण आपोआप तापायला लागतं किंवा कायमचं गप्प बसतं.

लिक्विडच्या मऊ प्लास्टिकच्या बाटलीला झाकण लावण्याआधी ती थोडी दाबून हवा काढा, चेपलेली असतानाच बंद करा. वर गेल्यावर आतली हवा पसरेल तेव्हा बाटलीला फुगायला जागा मिळते. तशी न केलेली बाटली उंचावर उघडली की चोच उघडताक्षणी पिचकारी मारते. माझ्या एका पांढऱ्या शर्टाला हे माहीत आहे. काचेच्या ड्रॉपरच्या बाटलीला चेपता येत नाही, ती भरलेली न्या किंवा नेऊच नका. सुरक्षा तपासणीत लिक्विडच्या बाटल्या बहुतेक ठिकाणी १०० मिलीच्या नियमात बसतात, तेव्हा त्या पारदर्शक पिशवीतच असू द्या. गळाल्या तरी पिशवीतच गळतील.

डोंगरात दुसरा दिवस वेगळीच खोडी काढतो. काल गळणारा टँक आज जळका वास मारतो. कारण थंडी. लिक्विड मुख्यतः ग्लिसरीन आणि प्रॉपिलिन ग्लायकॉल यांचं मिश्रण असतं. शुद्ध ग्लिसरीन ४० अंशांवर असतं त्याच्या पाचपट घट्ट २० अंशांवर होतं, आणि शून्याकडे जाताना तर मधासारखं. कापसातून ते तारेपर्यंत वेळेत पोचत नाही, कोरडा कापूस जळतो. वॅटेज वाढवू नका, कमी करा. टँक थोडा वेळ आतल्या खिशात अंगाच्या उबेला ठेवा. ग्लिसरीन जास्त असलेलं लिक्विड चढताना गळतं कमी आणि थंडीत अडतं जास्त, प्रॉपिलिन ग्लायकॉल जास्त असलेलं बरोबर उलट. दोन्ही साधणारं मिश्रण मला सापडलेलं नाही. मी निम्मं-निम्मं घेऊन जातो आणि गळती बुडबुड्याच्या हिशेबाने सांभाळतो.

उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर टँक ठेवला तरी बुडबुडा पसरतो, पण २० वरून ४० अंशांवर गेल्याने जेमतेम सात टक्के. एकट्या उष्णतेने फार बिघडत नाही. मात्र गरम लिक्विड पातळ होतं, आणि चढणीवर ऊन असेल तर दोन्ही एकत्र येतात.

गळालाच तर

टँक मॉडवरून काढा, लावलेला असताना फुंकू नका, लिक्विड बॅटरीकडे जाईल. खाली टिश्यू धरून तोंडाच्या नळीतून जोरात फुंका. नळीतलं सगळं टिश्यूवर येतं. मॉडचा खिळा आणि त्याभोवतीची खाच कोरड्या टिश्यूने, मग असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. वरचं टोपण एकदा उघडून बंद करा, म्हणजे दाब सारखा होईल. मग एक-दोन हलके झुरके. गुडगुड राहिली तर पुन्हा फुंका.

हात लगेच साबणाने धुवा. निकोटिन कातडीतून अंगात जातं, आणि जास्त तीव्रतेचं लिक्विड खिशात झिरपून मांडीला तासभर लागून राहिलं तर गरगरायला, मळमळायला लागू शकतं. उंचीवर डोकं तसंही दुखत असतं, त्यामुळे ती मळमळ कशाची हे कळत नाही. भिजलेले कपडे बदला. चिकट टिश्यू पिशवीत बांधून लहान मुलांच्या हाताला लागणार नाही असे टाका. पोटात गेलं तर थोडंसंही त्यांना घातक असतं.

माझ्या प्रवासाच्या पिशवीत आता दोन झिपच्या पिशव्या, घडी घातलेले चार टिश्यू आणि एक जादा कॉइल एवढंच असतं. निघायच्या आदल्या रात्री टँक रिकामा करून त्यातल्या एका पिशवीत जातो. ओ-रिंगांची पुडी अजून कपाटात आहे. गेल्या वर्षी तिच्यातली एक लागली, पण ती घरी, टँक फरशीवर पडला म्हणून.